घाण्यामागे एक पळी तेल: पाटणचा गणिताचा मठ

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या पेठेत आठशे वर्षांपूर्वी जेवढे तेलघाणे फिरत, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल गावातल्या एका मठाला द्यायचे ठरले होते. पहिल्या घाण्याचे लोटीभर तेल वेगळेच. माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाने पाच सुपाऱ्या द्यायच्या. जे मापायचे ते मठाच्याच मापाने, आणि मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा. पेठेत उघडलेल्या मालावर राजाचा जो कर होता, तो राजाने मठाला सोडून दिला. ब्राह्मणांनी आपला हक्क दिला, नगरानेही आपला वाटा दिला. हा मठ कशासाठी होता, तेही दगडावर कोरून ठेवले आहे. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि त्यांच्या घराण्यातल्या विद्वानांचे ग्रंथ इथे नेमाने शिकवले जावेत, यासाठी.

म्हणजे एका व्यापारी गावाने वर्गणी काढून गणित आणि ज्योतिष शिकवण्याची कायमची सोय केली होती. वर्ष १२०७. तारीखही पक्की आहे: ९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा. त्या दिवशी चंद्रग्रहण होते. ग्रहणात दान करण्याची चाल आपल्याकडे जुनीच, पण ग्रहण केव्हा लागेल, किती लागेल, केव्हा सुटेल हे काढायला शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान मिळावे, यासारखा योग विरळा.

त्याच काळातली एक दूरची गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहा. इटलीतल्या पिसा शहरात जाणारा प्रवासी कललेला मनोरा पाहतो, फोटो काढतो आणि पुढे निघतो. थोडा रेंगाळणारा शेजारच्या कांपोसांतो या जुन्या दफनभूमीत शिरतो, आणि तिथे त्याला लिओनार्दो फिबोनाच्चीचा संगमरवरी पुतळा भेटतो. १२०२ मध्ये या पिसावासीयाने ‘लिबेर आबाची’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच तो वाचकाला नऊ भारतीय अंक आणि शून्याचे चिन्ह दाखवतो, आणि एवढ्यावर कोणतीही संख्या लिहिता येते असे सांगतो. ही विद्या त्याला पिसात मिळाली नव्हती. त्याचे वडील आज अल्जीरियात असलेल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या जकात नाक्यावर कामाला होते. त्यांनी मुलाला तिथे बोलावून घेतले आणि तिथेच तो भारतीय पद्धतीचा हिशेब शिकला. पुढे १२४० च्या सुमारास पिसाच्या नगरसभेने या गणितज्ञाला वर्षाला वीस लिरा बांधून दिल्या.

पिसाने वीस लिरा दिल्या, पाटणने तेल, सुपारी आणि जकात दिली. दोन्ही गावांत बाजाराच्या पैशावर गणित पोसले गेले. पिसाच्या मनोऱ्याचा पाया ११७३ मध्ये घातला गेला, तेव्हा भास्कराचार्य एकोणसाठ वर्षांचे होते, आणि फिबोनाच्चीचा ग्रंथ आला त्यानंतर पाचच वर्षांत पाटणचा मठ उभा राहिला. फरक आजच्या काळातला आहे. पिसाचे नाव जगभर गेले. पाटणचे नाव धुळ्या-जळगावच्या पोरांनाही बहुधा देवीच्या जत्रेमुळेच माहीत असते.

चाळीसगाव जंक्शनपासून पाटणची पाटणादेवी साधारण अठरा किलोमीटरवर आहे. कापसाची आणि केळीची शेते मागे पडतात, समोर सातमाळ-अजिंठ्याच्या डोंगरांची भिंत येते, आणि रस्ता गौताळा औट्रमघाट अभयारण्यात शिरतो. नावातला औट्रम म्हणजे १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम. साग, धावडा, अंजन, पळस यांची दाटी, पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे पाणी, आणि तीन बाजूंनी कडे. दक्षिणेतला माल डोंगर उतरून तापीच्या खोऱ्यात येतो तो याच भागातून. गाव इथेच का वसले आणि पेठ इथेच का भरली, हे त्या जागी उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

इथे निकुंभ घराण्याचे राज्य होते. देवगिरीच्या यादवांचे हे मांडलिक; खानदेशातली सोळाशे गावे त्यांच्या ताब्यात असल्याचे लेख सांगतात. देवीच्या देवळाअलीकडे उंच चौथऱ्यावर काळ्या दगडाचे महादेवाचे देऊळ आहे, ते त्यांनीच बांधले. त्याच्या लेखानुसार इंद्रराजाने काम सुरू केले आणि मुलगा गोवन याच्या काळात, शके १०७५ म्हणजे ११५३ मध्ये, ते पुरे झाले. त्याआधी तीनच वर्षे ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहून झाला होता. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण हा ग्रंथ रचला, हे भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

मठाचा शिलालेख सापडला तो देवीच्या देवळात. मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे पंडित भाऊ दाजी लाड यांनी तो शोधला आणि १८६५ मध्ये विद्वानांपुढे मांडला. पुढे जर्मन संस्कृततज्ज्ञ कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे नीट संपादन केले. या एका दगडामुळे भास्कराचार्यांची वंशावळ हाती आली. कवी त्रिविक्रमापासून ती सुरू होते. भोजराजाने ज्यांना विद्यापती ही पदवी दिली ते भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वरांचे चिरंजीव आपले भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने ‘या नगरातून’ बोलावून नेले आणि आपल्या पंडितांचे प्रमुख केले, असे लेख म्हणतो. लक्ष्मीधरांचा मुलगा चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांची विद्या टिकावी म्हणून मठ काढला तो या नातवाने, आणि त्याला दान दिले निकुंभ राजा सोइदेवाने.

भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते, यावर विद्वानांचा वाद जुना आहे. सह्याद्रीच्या कुशीतले विज्जडविड, एवढे त्यांनी सांगून ठेवले. कोणी ते विजापूर मानतो, कोणी बीड, कोणी पाटण. ‘या नगरातून’ या शब्दांमुळे त्यांचे घराणे पाटणला नांदत होते, एवढे तरी ठाम म्हणता येते. आणि ते एकट्या पाटणपुरते नव्हते. त्याच चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ गाव आहे. तिथल्या भवानीच्या देवळाचा १२२२ चा लेख सांगतो की, ते देऊळ अनंतदेवाने बांधले. हा अनंतदेव म्हणजे भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपती यांचा नातू, आणि तोही सिंघणाच्याच पदरी ज्योतिषी.

मठात काय शिकवले जात असेल, हे कल्पनेवर सोडायची गरज नाही. ग्रंथ आपल्यापुढे आहेत. ‘लीलावती’ म्हणजे अंकगणित आणि क्षेत्रमिती, ‘बीजगणित’, मग ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’, असे सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग.

लीलावतीतले एक उदाहरण पाटणच्या रानातच सुचले असावे असे वाटते. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. साप बिळाकडे निघालेला आहे आणि खांबापासून सत्तावीस हातांवर असताना मोर त्याला पाहतो. मोर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापल्यावर गाठ पडते. बिळापासून किती अंतरावर? खांबाच्या उंचीचा वर्ग ८१. त्याला २७ ने भागले की ३. सत्तावीसातून तीन गेले, राहिले चोवीस, त्याचे निम्मे बारा. बारा हातांवर गाठ. मोराची झेप पंधरा हातांची आणि सापाची सरपटही पंधरा हातांची: नऊ, बारा, पंधरा, काटकोन त्रिकोण जुळला. आता गंमत अशी की, फिबोनाच्चीच्या ग्रंथातही याच जातीचे गणित आहे. चाळीस आणि तीस पावले उंचीचे दोन मनोरे, त्यांच्यात पन्नास पावलांचे अंतर, मधे कारंजे. दोन्ही टोकांवरून दोन पक्षी एकाच वेळी, एकाच वेगाने उडतात आणि एकाच वेळी कारंज्यावर पोहोचतात. कारंजे उंच मनोऱ्यापासून अठरा पावलांवर. खानदेशात खांब, मोर आणि साप. पिसात मनोरे आणि कारंजे. ज्याने त्याने आपल्या अंगणातली वस्तू घेतली.

सोपे संपले की अवघड सुरू होई. अशी एक संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल रीतीने, मोजक्या पायऱ्यांत काढून दाखवले. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये नेमके हेच ६१ चे कोडे युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकले. भास्कराचार्यांच्या ग्रंथाची त्याला खबर नव्हती, आणि त्यात ते उत्तर पाचशे वर्षे आधीच लिहून ठेवलेले होते.

गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक अशी वेधाची यंत्रे येतात. पण आचार्यांचा खरा लोभ शेवटच्या धीयंत्रावर. ते यंत्र म्हणजे एक साधी काठी. ती डोळ्याला लावून दूरच्या वेळूचे मूळ पाहायचे, मग शेंडा पाहायचा, आणि वेळू किती दूर, किती उंच हे सांगायचे. बाकीचे काम डोक्याने करायचे. पाटणच्या कड्यांखाली उभे राहून विद्यार्थी झाडांची उंची अशीच मोजत असतील.

मठाची इमारत आज दिसत नाही. ग्रंथ मात्र फार दूर गेले. १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून कवी फैजीने लीलावती फारसीत नेली. चारच वर्षांनी अकबराने त्याच फैजीला वकील म्हणून बऱ्हाणपूरच्या फारुकी दरबारात, म्हणजे खानदेशच्या तेव्हाच्या राजधानीत पाठवले. १९७९ मध्ये भारताने सोडलेल्या उपग्रहाला ‘भास्कर’ हे नाव मिळाले.

या शिलालेखाची आणखी एक थोरवी आहे आणि ती गणिताबाहेरची आहे. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात आहे, पण हिशेबाची वेळ आली तशी भाषा बदलली. कोणी काय द्यायचे, हे मराठीत कोरले आहे, कारण ते तेल्याला, मापाऱ्याला, गिऱ्हाइकाला कळायला हवे होते. ‘ज्ञानेश्वरी’च्या त्र्याऐंशी वर्षे आधीची ही मराठी, आणि ती बोलते आहे घाण्यांबद्दल, पोफळींबद्दल, मापांबद्दल. खानदेशच्या बाजाराचा एवढा जुना आवाज दुसरीकडे क्वचितच ऐकू येतो.

पाटणला जाणाऱ्याने डोंगरावरची पितळखोऱ्याची लेणीही पाहावीत. जिल्हा बदलतो, रान तेच. इसवी सनापूर्वीची ही बौद्ध लेणी. इथल्या दानलेखांत पैठणच्या सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचे नाव आहे, आणि इथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे. व्यापाऱ्यांनी विद्येला आणि कलेला पैसा पुरवायची रीत या डोंगरात मठापेक्षाही हजार वर्षांनी जुनी आहे. परतताना चाळीसगावात केकी मूस यांचे घर पाहायला वेळ ठेवावा. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून अख्खी दृश्ये उभी करणाऱ्या या छायाचित्रकाराने आयुष्याची कित्येक वर्षे याच घराच्या चार भिंतींत काढली, आणि आज तेच घर त्यांचे संग्रहालय आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शिक्षकांना एकच विनंती. आठवी-नववीच्या वर्गाची एक सहल पाटणला न्या. पायथागोरसचा सिद्धान्त शिकवून झाल्यावर न्या. देवीचे दर्शन, महादेवाचे देऊळ, मग झाडाखाली बसून मोर-सापाचे गणित वहीत सोडवू द्या, आणि लेखातला मराठी भाग मोठ्याने वाचून दाखवा. धुळ्याहून चाळीसगाव साधारण छप्पन्न किलोमीटर, तिथून पाटण अठरा. सकाळी निघालेली मुले दिवेलागणीला घरी येतात.