बझर वाजू दे, पण खोपीत!

रात्री बाराला लाईट येते. आबा टॉर्च घेतात, खोरं खांद्यावर टाकतात आणि उसाला पाणी पाजायला निघतात. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना यात नवीन काही नाही. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. पण राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगडकडच्या शिवारात रात्रीच्या पाळीला आणखी एक गडी हजर असतो. गवा. आजरा-चंदगडकडं तर हत्तीही.

राधानगरी अभयारण्य (आपण सगळे त्याला दाजीपूरच म्हणतो) १९५८ सालचं, गव्यांसाठीच ओळखलं जाणारं. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. पण हद्दीचे खांब माणसांना कळतात, जनावरांना नाही. गव्याच्या दृष्टीनं ऊस म्हणजे जंगलाचाच पुढचा तुकडा. लपायला जागा, खायला चारा, शेजारी पाणी. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला आणि भुयेवाडीजवळ एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून हा विषय फक्त डोंगराकडच्या गावांचा राहिलेला नाही.

शाळा-कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात 'शेत सुरक्षा अलार्म' हमखास दिसतो. थर्माकोलचं शेत, प्लॅस्टिकचं जनावर, सेन्सरपुढं हात नेला की टीं टीं टीं. परीक्षक खूश. मॉडेल छानच आहे, फक्त त्यात एक चूक असते. बझर शेतातच बसवलेला असतो.

आता हेच खऱ्या शिवारात करून बघा. वजन हजार किलोच्या घरात जाणारा नर गवा, अंधार, आणि त्याच्या कानाशी अचानक कर्कश आवाज. तो बिथरून कुठल्या दिशेला सुटेल? आबा त्याच दिशेच्या बांधावर असले तर? म्हणून अलार्म गव्याला घाबरवायला नको, आबांना सावध करायला हवा. सेन्सर बांधावर आणि बझर खोपीत.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्तींचा असाच त्रास होता. तिथं संशोधकांनी हत्तीला हाकलायच्या भानगडीत न पडता माणसांना खबर देण्याची सोय केली. मोबाईलवर मेसेज जातात आणि रस्त्यालगत उंचावर बसवलेले लाल दिवे लागतात. दिवा लाल दिसला की हत्ती आसपास आहे. एवढं कळलं तरी माणसं वाट बदलतात, थांबतात. तिथले मृत्यू त्यामुळं कमी झाले.

आपलं मॉडेल त्याहून लै साधं. पांढरी गोल टोपी असलेला पीआयआर सेन्सर लागतो, दुकानात एचसी-एसआर ५०१ म्हणून मागायचा. अंगाची उष्णता समोरून हलत गेली की त्याला कळतं. तो ५ ते २० व्होल्टवर चालतो, म्हणजे फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी चालते आणि ती बहुतेक घरात असतेच. सेन्सरच्या आऊट पिनेपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, तिथून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. एमिटर बॅटरीच्या मायनसला, कलेक्टर बझरच्या मायनसला आणि बझरचा प्लस बॅटरीच्या प्लसला. बॅटरीच्या प्लसवर एक अँपिअरचा छोटा फ्यूज टाकाच. ऊन-पावसात वायर सोलपटते आणि शॉर्ट होतो. बझर छोटा १२ व्होल्टचा घ्या. मोठा सायरन या ट्रान्झिस्टरला झेपत नाही. सेन्सर-बॅटरीपासून खोपीपर्यंत दोन पदरी वायर ओढायची, ५० मीटर गेली तरी अडत नाही. अर्डुइनो नसला तरी चालतं. प्रदर्शनात फार तर दोन मार्क कमी पडतील.

खरी मेहनत पुढं आहे, सेन्सर कुठं बसवायचा यात. त्याची नजर फार तर सात मीटर. एकराच्या एका बाजूलासुद्धा तो पुरत नाही. त्यामुळं सगळा ऊस राखायचं स्वप्न सोडा. आबांची खोपीपासून मोटरीपर्यंतची वाट आणि खुरांचे ठसे जिथं वारंवार दिसतात ती जागा, एवढंच धरायचं. सेन्सर उसाकडं तोंड करून लावला तर उन्हानं तापलेली पानं वाऱ्यानं हलली तरी तो ओरडतो. दोन रात्री असं झालं की तिसऱ्या रात्री घरातलंच कुणीतरी वायर उपसून ठेवतं. म्हणून तोंड बांधाच्या लांबीकडं करायचं. जनावर आडवं गेलं की त्याला चटकन कळतं, सरळ अंगावर येणारं उशिरा कळतं. उंची तीन-साडेतीन फूट ठेवली की मुंगूस, ससा बहुतेक सुटतात. वरून पीव्हीसी पाइपचा तुकडा छपरासारखा बसवा. समोर काच मात्र लावू नका, उष्णतेचे हे किरण काचेतून जात नाहीत. चालू केल्यावर पहिला मिनिटभर तो उगाचच वाजतो, त्याकडं दुर्लक्ष करा.

आणि घरच्यांना हे नीट सांगा: बझर वाजला तर बाहेर पडायचं नाही, पण वाजला नाही म्हणजे गवा नाही, असं समजायचं नाही. उसात निवांत उभा असलेला गवा या सेन्सरला दिसतच नाही. कडक उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापली की तो आणखी मंद होतो. म्हणून टॉर्च, मोठ्यानं बोलणं आणि जोडीला एक माणूस, हे सुटत नाही. रोज तिन्हीसांजेला सेन्सरपुढून एकदा आडवं चालून बघायचं. नाही वाजला, तर त्या रात्री त्याचा भरवसा नाही. गवा दिसलाच तर मोबाईलवर शूटिंग करत बसू नका, वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन लावा.

तारेत थेट लाईट सोडायची आयडिया कुणी दिली तर तिथंच नाही म्हणा. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला गव्याआधी शेजारचा काका चिकटू शकतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेन्सरनं सुटणारी नाही. रात्री पाणी पाजावं लागतं ते लाईट रात्री येते म्हणून. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरून बसले होते, ते शेतीला दिवसा दहा तास वीज मागायला. सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांतून दिवसाची वीज मिळेल असं सरकार सांगतंय. ती आपल्या फिडरवर येईपर्यंत आबांची रात्रीची फेरी चालूच राहणार.

प्रदर्शनात हे मॉडेल मांडणार असाल तर थर्माकोलच्या शेतात एक छोटी खोप करा आणि बझर तिच्यात बसवा. परीक्षक विचारतील, बझर इतका लांब का? तेव्हा आबांचं सांगा. आणि हो, आजीनं कुंपणाच्या तारेला बांधलेले रिकामे डबे काढू नका. त्यांना बॅटरी लागत नाही.