बंगल्यांच्या वस्त्या आणि नव्या इमारती

वऱ्हाडातील मध्यम शहरांत, आणि त्यांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील शहरांतही, एक तंटा अलीकडे वारंवार उपस्थित होऊ लागला आहे; व तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. शहरालगतची शेते अकृषक करून तेथे ले-आऊट पाडावे, शिक्षक, कारकून, वकील व अडते यांनी त्यांतील एकेक प्लॉट घेऊन त्यावर टुमदार घर बांधावे, पुढे तुळस व मागे शेवगा लावावा, असा क्रम गेली कित्येक वर्षे चालत आला. पुढे एखादा घरमालक वारतो, मुले पुण्यास किंवा परदेशी असतात, प्लॉट बिल्डरच्या हाती जातो आणि जेथे एक बिऱ्हाड होते तेथे वीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा नकाशा नगरपरिषदेत दाखल होतो. मग शेजारी जागे होतात, अर्ज लिहिला जातो, सह्या होतात, आणि मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर सभ्य गृहस्थांची गर्दी जमते.

या अर्जांतील कारणे बहुधा चार असतात. पाणी पुरणार नाही. सांडपाणी रस्त्यावर येईल. उजेड व वारा अडेल. गाड्या लावण्यास जागा उरणार नाही. पाचवे कारण अर्जात लिहिलेले नसते. ते संध्याकाळी कट्ट्यावर बोलले जाते, आणि ते असे की, कोण कुठले लोक येऊन राहतील याचा नेम नाही. पहिल्या चार कारणांकरिता आम्ही अर्जदारांच्या बाजूस उभे राहण्यास तयार आहो. पाचव्याकरिता मात्र आम्ही त्यांच्या विरुद्ध आहो, आणि ही पाची कारणे एकाच कागदाखाली झाकली जातात म्हणूनच या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

प्रथम पाण्याचे पाहू. बुलढाणा जिल्ह्याची रचनाच अशी की अजिंठ्याच्या डोंगराच्या एका अंगाचे पाणी पूर्णेतून तापीस मिळते व दुसऱ्या अंगाचे पैनगंगा आणि खडकपूर्णा या नद्यांतून गोदावरीकडे जाते. जिल्ह्याचे मुख्य शहर डोंगरमाथ्यावर, म्हणजे जेथून पाणी निघून जाते तेथे, वसले आहे. त्याची तहान येळगावच्या धरणावर भागते, आणि ते धरणही पैनगंगेच्या उगमापासून फार दूर नाही. नदी अजून लहान असते तेथेच तिला अडविले आहे. घाटाखाली शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत खारपाण पट्टा आहे. तेथे विहीर खणली म्हणून प्यावयाचे पाणी लागेल असे नाही. लागले तर ते खारे, आणि त्या पाण्यामुळे मूत्रपिंडाचे विकार होतात ही तक्रार त्या भागात वर्षानुवर्षे ऐकू येते. अशा मुलखात कोणी पाण्याच्या नावाने हरकत घेतली तर तिला हसणे हा अडाणीपणा होय.

तथापि पाण्याचा हा मुद्दा जसा मांडला जातो तसा बरोबर नाही. पाणी माणूस पितो, मजला पीत नाही. वीस कुटुंबे या गल्लीत राहिली काय किंवा दोन कोसांवरच्या नव्या ले-आऊटात राहिली काय, धरणातून तेवढेच पाणी उचलावे लागणार. किंबहुना दूरच्या ले-आऊटापर्यंत नळ नेण्याचा खर्च अधिक, गळती अधिक, आणि काळ्या कपाशीच्या जमिनीवर प्लॉटच्या खुणांचे दगड रोवले जातात ते वेगळेच. खरी अडचण धरणात नाही, गल्लीच्या नळात आहे. ज्या गल्लीत दहा घरे धरून बारीक नळ टाकला तेथे एका टोकाला शंभर माणसे जोडली की दुसऱ्या टोकाच्या घरी थेंब पोचत नाही. मग प्रत्येक जण टुल्लू पंप लावतो आणि ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी असा न्याय सुरू होतो. शहरी पाणीपुरवठ्याकरिता केंद्र सरकारच्या तज्ज्ञांनी ठरविलेले माप असे की, भूमिगत गटारे नसलेल्या शहरात दर माणशी दररोज ७० लिटर व गटारे असलेल्या शहरात १३५ लिटर पाणी द्यावे. शंभर माणसांची इमारत म्हणजे पहिल्या मापाने ७,००० व दुसऱ्या मापाने १३,५०० लिटर. हा हिशेब चौथीतील मुलासही येतो. पण नकाशा मंजूर करणारे तो मांडीत नाहीत व हरकत घेणारेही मांडीत नाहीत. सांडपाण्याचेही तेच. जेथे शोषखड्डा व सेप्टिक टाकी यांवरच भिस्त आहे तेथे वीस बिऱ्हाडांचे मैलापाणी एका प्लॉटच्या पोटात जिरावे अशी अपेक्षा करणे म्हणजे शेजाऱ्याची विहीर नासविण्याचा परवाना देणे होय.

आता कायदा काय म्हणतो? पूर्वी निरनिराळ्या शहरांचे बांधकामाचे नियम निरनिराळे असत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली, आणि मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता ती सर्व राज्यास लागू झाली. जे पुस्तक पुण्यास तेच चिखलीस. प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करावे याचे जे माप, ज्यास चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात, ते रस्ता रुंद असेल तसे अधिमूल्य भरून व हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन वाढविता येते. रस्त्याची रुंदी हे माप सोयीचे आहे, कारण ती फीत लावून मोजता येते. पण रस्त्याखालील नळ किती इंचांचा आहे व त्यास दिवसाआड पाणी येते की आठवड्याने, हे फितीने कळत नाही. आमचा सरकारशी मतभेद आहे तो येथे. अधिमूल्याचा पैसा ज्या गल्लीमुळे मिळाला त्या गल्लीच्या नळावर व नालीवर तो खर्च होईल असे बंधन असते, तर निम्मे अर्ज लिहिलेच गेले नसते.

शेजाऱ्यांच्या बाजूने बोलणारा सर्वांत मोठा आधार चंडीगड शहरापासून मिळतो, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे आमच्या शेजारच्या अमरावतीचे, हे वाचकांस सांगावयास नको. चंडीगडच्या १ ते ३० या सेक्टरांत वस्ती विरळ राहावी अशी ल कार्बुझिए यांची मूळ योजना. या भागात दीड लाख माणसे राहावीत असे धरले होते. १९६० च्या नियमांनी प्लॉटचे तुकडे करण्यास मनाई होती. २००१ मध्ये मजले वेगवेगळे विकण्याची मुभा देणारे नियम झाले, लोकांनी विरोध केला, २००७ मध्ये ते रद्द झाले. परंतु युक्ती संपली नाही. प्लॉटचा एकतृतीयांश हिस्सा एकास, दुसरा दुसऱ्यास, तिसरा तिसऱ्यास अशी विक्री व्हावयाची आणि तीन मजल्यांवर तीन अनोळखी कुटुंबे राहावयास यावयाची; कागदावर मात्र घर एकच! १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली, आणि शहरे वाढू देण्यापूर्वी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास व्हावा म्हणून कायदेमंडळांनी तरतूद करावी असेही सुचविले. शेवटची ही सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. परंतु हा निकाल हातात धरून जे आपल्या ले-आऊटात इमारत नको म्हणतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, चंडीगडास त्याची स्वतःची योजना, नियम व वारसा होता. आमच्या ले-आऊटांस तसा वारसा नाही. त्यांचा वास्तुशिल्पकार बहुधा तलाठ्याच्या नकाशावर रेघा ओढणारा एखादा सर्व्हेअर असतो.

येथवर आम्ही अर्जदारांचे पारडे जड धरले. आता दुसरे पारडे.

एका प्लॉटवर एकच कुटुंब हा नियम ज्या अमेरिकेत प्रथम रुजला तेथील इतिहास पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने १९१६ मध्ये एल्मवुड या वस्तीत एककुटुंबी घरांखेरीज दुसरे काही बांधू नये असा नियम केला. दुसऱ्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वस्त्या पाडणारे कायदे अवैध ठरविले. तेव्हा जे काम कातडीच्या रंगावरून उघडपणे करता येईना ते प्लॉटच्या आकारावरून व इमारतीच्या जातीवरून होऊ लागले. १९२६ च्या युक्लिड खटल्यात त्याच न्यायालयाने अशा नियमांस मान्यता देताना बिऱ्हाडांच्या इमारतीस चक्क बांडगूळ म्हटले. आणि त्याच बर्कलीने २०२१ मध्ये हा नियम मोडीत काढण्याचा ठराव केला, तो त्याची वंशभेदी मुळे कबूल करूनच.

अमेरिका दूर आहे म्हणून कोणी सुटकेचा श्वास सोडू नये. मुंबईत १८९६ चा प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दादर-माटुंग्यास मोकळ्या हवेच्या वस्त्या आखल्या गेल्या. आरोग्याच्या दृष्टीने ते काम थोर होते. पण त्या वस्त्यांची नावे काय पडली? पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. गावदेवीस १९१५ मध्ये सहकारी घरबांधणीचा जो पाया घातला गेला तोही सारस्वत ज्ञातीच्या सोसायटीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एकोणीसशे तीसच्या दशकात आपले राजगृह बांधले ते याच हिंदू कॉलनीत, आणि ही गोष्ट आम्हांस त्या काळच्या कित्येक सभांतील ठरावांहून मोठी वाटते. पुढे २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, आपल्या समाजाबाहेरच्यास सभासद न करण्याचा सहकारी संस्थेचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने वैध धरला. निकाल मान्य करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. तो आवडलाच पाहिजे असे नाही.

आमच्याकडे ही भिंत पोटनियमात लिहिलेली नसते. ती आडनाव विचारण्यात असते, स्वयंपाकात काय शिजते या चौकशीत असते, "आम्हास भाडेकरू ठेवावयाचाच नाही" या गोड उत्तरात असते. कंत्राटी शिक्षिका, दवाखान्यातील परिचारिका, बाजार समितीतील मापारी, कोर्टातील शिपाई, नवऱ्यामागे दोन मुले घेऊन गावाहून शिकावयास आणलेली विधवा, यांस शहरात स्वतंत्र प्लॉट घेण्याची ऐपत नाही. त्यांस परवडेल तर दोन खोल्यांचा फ्लॅट. तो नको म्हणणे याचा अर्थ त्यांनी शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहावे व पहाटे येऊन आमची भांडी घासावीत. अर्जात हे कोणी लिहीत नाही खरे. पण इमारत नको, लहान प्लॉट नको, भाडेकरूही नको असे एकाच तोंडाने म्हणणाऱ्याचा दुसरा अर्थ आम्ही तरी कसा करावा?

शिवाय एका घरात एकच कुटुंब ही कल्पना वऱ्हाडच्या मातीतली नव्हेच. ज्या वाड्यांतून आमचे आजोबा-पणजोबा वाढले त्यांत चार भावांच्या चार चुली, मागे गडी, पुढे ओसरीवर पाहुणा, अशी दाटी असे. बंगला व भोवती कंपाउंड हे चित्र साहेबाच्या सिव्हिल लाईनवरून आले. आणि आजही अर्जावर पहिली सही करणाऱ्याच्या घरास मागच्या बाजूने जिना काढलेला, वर मुलाच्या लग्नाच्या वेळी मजला चढविलेला आणि खाली दोन विद्यार्थी ठेवलेले आढळले तर आम्हांस नवल वाटणार नाही. ते गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. असेच हळूहळू, एका घरातून दोन, दोनांतून तीन बिऱ्हाडे होऊन शहर वाढावे हे आम्हांस वीस फ्लॅटांच्या उडीपेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते, आणि नियमावलीने या लहान घरमालकास अधिमूल्यवाल्या बिल्डरपेक्षा सुलभ मार्ग द्यावयास हवा.

राहिला अर्जांचा प्रश्न. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला म्हणजे हरकती घेण्यास एक महिन्याची मुदत असते व त्यांवर सुनावणी होते. त्या महिन्यात आमचे सुशिक्षित लोक काय करतात? नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर टांगलेला असतो व त्यासमोरून जाऊन लोक घरपट्टी भरून येतात. जागे होतात ते शेजारच्या प्लॉटवर खोदाईचे यंत्र आल्यावर, आणि मग मुख्याधिकाऱ्यांवर लाच घेतल्याचा आरोप करतात. मध्यंतरी दीर्घकाळ नगरपरिषदांवर प्रशासक होते, विचारावे कोणास हे लोकांस कळेना, ही गोष्ट आम्ही नाकबूल करीत नाही. तरी हरकत घेण्याचा हक्क त्या काळातही गेला नव्हता.

तेव्हा अर्जदारांनी आपल्या अर्जातील शब्द बदलावे. "आमच्या वस्तीचे स्वरूप बिघडेल" हे वाक्य काढून टाकावे. त्यात पाचवे कारण लपते. त्याऐवजी नळाचा व्यास, पाण्याचे दिवस, नालीचा उतार, अग्निशामक बंब वळण्यापुरता रस्ता आहे की नाही, हे लिहावे. नगरपरिषदेनेही मोठ्या इमारतीची परवानगी देताना मंजूर नकाशाबरोबर त्या गल्लीचा पाण्याचा हिशेब, म्हणजे आज किती माणसांस किती लिटर पोचते व इमारत भरल्यावर किती पोचेल, हा कागद त्याच फलकावर लावावा. हिशेब जुळत नसेल तर नळ मोठा होईपर्यंत परवानगी थांबवावी. जुळत असेल तर शेजाऱ्यांच्या सह्या शंभर असोत की हजार, ती द्यावी.