पडद्याचे चित्र: ते कोणत्या साच्यात जपावे?

मोबाइलच्या पडद्यावर दिसते ते जसेच्या तसे टिपून घेणे, म्हणजे ‘स्क्रीनशॉट’ काढणे, आता कोणाला शिकवावे लागत नाही. सातबारा उघडला, टिपला. ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद झाली, टिपली. गुरुजींकडे वरून पत्रक आले, टिपले आणि गटावर धाडले. परंतु हे चित्र फाइल होऊन बसते ते कोणत्या साच्यात, याकडे कोणी पाहत नाही. आणि महागावचा कागद यवतमाळला पोहोचेपर्यंत त्यावरची अक्षरे पुसट का झाली, हे कोडे मागे राहते.

आधी पडदा म्हणजे काय ते पहा. १०८० ठिपके रुंद आणि २४०० ठिपके उंच असा पडदा धरला, तर एकूण २५,९२,००० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला ७७ लाखांहून अधिक बाइट! एवढे ओझे कोण वाहणार? म्हणून चित्र आवळून ठेवावे लागते, आणि आवळण्याच्या रीती दोन आहेत.

पहिली रीत पीएनजीची. एखाद्या वावराचे वर्णन करताना आपण ‘पऱ्हाटी, पऱ्हाटी, पऱ्हाटी’ असे झाडागणिक म्हणत बसत नाही. ‘आठ ओळी पऱ्हाटी, एक ओळ तूर, असेच धुऱ्यापर्यंत’ एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला सारे वावर मांडता येते. पीएनजी तेच करते. पुन्हा पुन्हा येणारे तेवढे थोडक्यात लिहिते, गाळत मात्र काहीच नाही. कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरे असली, की पांढऱ्याच्या लांबच लांब ओळी सापडतात आणि फाइल सहज लहान होते.

दुसरी रीत जेपीईजीची. जेपीजी म्हणतात ते हेच. हे प्रमाण १९९२ साली ठरले, आणि ते ठरले फोटोसाठी. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे त्यातून सोडून देते. आभाळ, चेहरा, अळीने पोखरलेले बोंड, यांत ते खपून जाते. कृषी सहायकाला बोंडाचा फोटो पाठवायचा तर जेपीईजीच योग्य. तोच फोटो पीएनजीत ठेवला तर फाइल कितीतरी पट फुगेल.

अक्षरांचे तसे नाही. अक्षराची कड म्हणजे काळ्याला लागून एकदम पांढरे. तिथे जेपीईजी अडखळते आणि कडेभोवती धुरकट ठिपके उठतात. आपल्या देवनागरीत तर अनुस्वार, रफार, उकार असा बारीक जीव फार. आणि सातबारावरचा दशांश बिंदू? १.२० हेक्टर म्हणजे सुमारे तीन एकर. तो बिंदू पुसला तर वाचणाऱ्याने काय समजावे?

जीआयएफ नावाचा आणखी एक साचा १९८७ पासून आहे, पण त्यात एका चित्राला २५६ च रंग. त्यातल्या आवळण्याच्या रीतीवर पेटंट होते, आणि १९९४ च्या अखेरीस त्यापोटी पैसे मागितले जाऊ लागले. त्यावर चिडलेल्या जाणकारांनी कोणालाही मोफत वापरता येईल असे पीएनजी रचले, ते १९९६ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. भांडणातून कधी कधी असे चांगलेही निघते.

बरे, पीएनजी काढले म्हणजे काम झाले का? नाही. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून धाडले, की ते त्याचे आकारमान घटवून पुन्हा आवळते. तिथून ते दुसऱ्याने टिपले, पुढे धाडले, की आणखी एक हप्ता कापला जातो. म्हणून मजकुराचे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मग फाइल जशीच्या तशी जाते. शिक्षकांनी वर्गात करून पाहावे: एकच स्क्रीनशॉट दोन्ही तऱ्हांनी पाठवायचा आणि दोन्ही मोठे करून शेजारी धरायचे. मुलांना व्याख्यान द्यावे लागणार नाही. मात्र खराब झालेले जेपीईजी पुन्हा पीएनजी करून काही उपयोग नाही. भरडलेल्या ज्वारीची अख्खी ज्वारी होत नसते. फाइलच्या नावाचे शेपूट बदलणे, हा तर नुसता पाटी बदलण्याचा प्रकार.

अर्ज भरताना ‘इतक्या केबीच्या आत’ अशी अट असते. तेव्हा लोक चित्र आवळत सुटतात. त्याआधी कात्री चालवावी. वरची घड्याळाची पट्टी, खालची बटणे, बाजूची रिकामी जागा कापली की आकार आपोआप उतरतो. त्याच वेळी आधार क्रमांक, खाते क्रमांक असे परक्याला दाखवायचे नसेल तेही कापून टाकावे. वरून रंगाची रेघ ओढाल तर ती अपारदर्शक हवी.

आता पीडीएफ. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये शुल्क भरून महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतो, तो पीडीएफ असतो. ती सही दिसणाऱ्या शिक्क्यात नसते, त्या फाइलच्या आत असते. त्याचा स्क्रीनशॉट काढलात, की हाती सहीचे चित्र उरते, सही नव्हे. त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक चित्रात नीट वाचता आला तर संकेतस्थळावर तपासता येईल. पण बँकेत किंवा कचेरीत द्यायची ती मूळ पीडीएफच, आणि ती मोबाइलमध्ये उतरवून घेतल्यावर गावाचे नाव व गट क्रमांक घालून निराळ्या ठिकाणी ठेवावी, नाहीतर लग्नाच्या फोटोंत शोधत बसावे लागते.