खाजकुयलीचं बी: औषध आहे, पण कशावर?

हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, तेव्हा त्या वेलीजवळ कुणी जात नाही. तिची सोनेरी कुसं अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. तिचं बी, म्हणजे कवचबीज, कंपवातावर चालतं हे मात्र खरं आहे. त्याला जोडून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं खरं नाही.

‘या बियांनी मेंदूच्या पेशी वाचतात’ हा सर्वांत मोठा गैरसमज. कंपवातात डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हात थरथरू लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात. कवचबीजात लेव्होडोपा असतो. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली तो बियांतून वेगळा काढला. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, म्हणून चाल सुधारते, हात सैल होतो. उणीव भरते; पेशींचं मरण थांबतं, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आशा दिसली आहे, पण त्या आशेवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे उपचार ठरवू नयेत.

प्रयोगशाळेतली आशा आणि प्रत्यक्ष उपयोग यांतला हाच फरक जपानमध्येही दिसतो. तिथल्या काम्पो वैद्यकातलं योकुकानसान हे सात वनस्पतींचं औषध प्रयोगशाळेत चेतापेशींना इजेपासून जपताना दिसलं. डॉक्टर ते देतात ते मुख्यतः स्मृतिभ्रंशातली चिडचिड, आक्रमकपणा कमी करायला. त्यातल्या ज्येष्ठमधामुळे रक्तातलं पोटॅशियम घटू शकतं, म्हणून तपासणीही करतात.

अशी तपासणी लागते, तरी दुसरा गैरसमज टिकून आहे: ‘झाडपाल्याला अपाय नसतो.’ कवचबीजात आणि कंपवाताच्या गोळीत औषध एकच आहे. लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम बीजचूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला. इतक्या थोड्या रुग्णांवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण बी किती जोरदार आहे हे कळतं. गोळीत लेव्होडोपा मोजलेला असतो, आणि तो मेंदूबाहेर वाया जाऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतो. चूर्णात किती लेव्होडोपा आहे, हे बियाण्यागणिक बदलतं. गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं, तर मळमळ, उभं राहताच चक्कर, अंगाची नको ती वळवळ, कधी भासही होऊ शकतात.

चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना पुडी दाखवा. त्याच्या भरवशावर गोळी एकाएकी बंद करू नका. तसं केल्यास अंग ताठरून जोराचा ताप येऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.