रात्री खून, त्याआधी चित्रपुस्तक

वाचन प्रेरणा दिन पार पडला. शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तक हातात धरलेल्या मुलांचे फोटो आले, त्यांच्याखाली टाळ्यांच्या इमोजी पडल्या आणि १६ ऑक्टोबरला सगळे आपापल्या कामाला लागले. डॉ. कलामांच्या जयंतीला हा दिवस पाळायला २०१५ पासून सुरुवात झाली. तेव्हापासून दरवर्षी ‘मुलं वाचत नाहीत हो’ ही हळहळ ठरलेली. पण मुलांना वाचून दाखवणं ज्यांच्याकडून अपेक्षित आहे, ते आईबाप स्वतः काय वाचतात, हे कुणीच विचारत नाही.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते ब्रिटनमधल्या एका पाहणीतून कळतं. हार्परकॉलिन्स आणि नील्सन यांनी एप्रिल २०२५ मध्ये ती प्रसिद्ध केली. चार वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ४१ टक्क्यांनाच घरी नेमानं वाचून दाखवलं जातं. २०१२ मध्ये हेच प्रमाण ६४ टक्के होतं. मथळे या घसरणीचे झाले आणि तिकडच्या सरकारनं २०२६ हे ‘राष्ट्रीय वाचन वर्ष’ म्हणून जाहीरही केलं. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मात्र मागे राहिला. मुलांना वाचून दाखवताना आपल्याला मजा येते, असं म्हणणारे पालक फक्त ४० टक्के निघाले. म्हणजे बऱ्याच घरांत हे काम जेवणानंतरच्या भांड्यांसारखं उरकलं जात असावं.

पालकांना वाचनाचाच कंटाळा असतो, असं म्हणावं तर तेही खरं नाही. मूल झोपलं की बऱ्याच घरांत दुसरी पाळी सुरू होते. दिवा मंद होतो, कानात इअरफोन जातात आणि खून सुरू होतात. कुणी हुसेन झैदींचं ‘डोंगरी टू दुबई’ उघडतं, कुणी एखादं जुनं पोलिसी आत्मकथन, कुणी पॉडकास्ट लावतं. २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या हत्यांबद्दल बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आयाही तावातावानं बोलत होत्या. मग लगेच अपराधीपणाही आलाच. ‘घरात लहान मूल आणि मी हे काय बघतेय!’

हे अपराधी वाटणं निराधार आहे, असं माझं मत आहे. झोपण्यापूर्वीचं चित्रपुस्तक आणि त्यानंतरची ट्रू क्राइम यांचं गोत्र एकच आहे, भीतीचं.

बायकांना खुनाच्या खऱ्या गोष्टी का आवडतात, यावर अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांचा २०१० मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. ॲमेझॉनवरची परीक्षणं तपासून त्यांनी आधी दाखवून दिलं की अशी पुस्तकं पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त वाचतात. मग वाचकांपुढे पुस्तकांचे पर्याय ठेवले. ज्या पुस्तकात बळी स्त्री आहे, मारेकऱ्याच्या मनात काय होतं ते उलगडलं आहे आणि तावडीतून सुटण्याची एखादी युक्ती आहे, ते पुस्तक बायकांनी जास्त उचललं. हे सगळं अमेरिकेतलं, आणि पुस्तक निवडण्याचं कारण माणूस नेहमी खरं सांगतो असंही नाही. तरी दिशा पटते. ही वाचक रक्त बघायला येत नाही, दाराची कडी कशी लावायची ते शिकायला येते.

पुण्याला हे समजावून सांगावं लागत नाही. १९७६-७७ मधल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडानं शहराला संध्याकाळी दारं लावायला शिकवलं. दहा खून झाले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. तेव्हा लहान असलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे आणि बेल वाजली की ‘आधी विचार, कोण आहे’ हे अजूनही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

आता चित्रपुस्तकाकडे येऊ, म्हणजे अमेरिकन चित्रपुस्तककार मॉरिस सेंडाककडे. या माणसाला जरा जास्त जागा देणार आहे, कारण माझं म्हणणं त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी करून दाखवलेलं नाही.

१ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका घराला शिडी लावून कुणीतरी वरच्या मजल्यावरचं बाळ पळवलं. अटलांटिकवरून एकट्यानं विमान नेणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गचं हे बाळ. पन्नास हजार डॉलरची खंडणी दिली गेली. मूल मात्र १२ मे रोजी जवळच्या झाडीत मृतावस्थेत सापडलं. पुढे १९३६ मध्ये ब्रूनो हाउप्टमन याला या गुन्ह्यासाठी विजेच्या खुर्चीत बसवण्यात आलं. या प्रकरणावर वर्तमानपत्रं खपली आणि ॲगाथा ख्रिस्तीला ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’चं बीजही इथंच मिळालं.

त्या वेळी ब्रुकलिनमधल्या एका गरीब ज्यू घरात सेंडाक चार वर्षांचा होत होता. सतत आजारी. हे मूल फार जगायचं नाही, ही मोठ्यांची कुजबुज त्याच्या कानावर पडत असे. पेपरच्या स्टॉलवर आपण त्या मेलेल्या बाळाचा फोटो पाहिला, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. ‘असलं काही तू पाहिलेलं नाहीस,’ असं घरचे म्हणायचे. लहानग्या सेंडाकचं गणित सरळ होतं. एवढ्या श्रीमंत, एवढ्या प्रसिद्ध माणसाचं गोरंगोमटं बाळ वाचू शकत नसेल, तर माझी काय कथा?

त्या गणिताचं उत्तर त्याला १९८१ मध्ये सापडलं. ‘आउटसाइड ओव्हर देअर’ या चित्रपुस्तकात वडील समुद्रावर गेलेले आहेत, आई बागेत हरवल्यासारखी बसली आहे आणि आयडा नावाची मुलगी तान्ह्या बहिणीला सांभाळते आहे. तिची पाठ वळते तेवढ्यात बुटकी पिशाच्चं खिडकीतून येतात, बाळाला नेतात आणि पाळण्यात बर्फाचं बाळ ठेवून जातात. आयडा मागावर निघते, शिंग वाजवून पिशाच्चांना नाचवते आणि बहिणीला घेऊन घरी येते. या गोष्टीमागे लिंडबर्ग प्रकरण आहे, हे सेंडाकनं उघडपणे सांगितलं होतं. आयडामध्ये त्याची थोरली बहीण नताली आहे. लहानपणी तोच तिच्या कडेवर असायचा. वर्तमानपत्रात मेलेलं बाळ पुस्तकात परत आलं. अमेरिकेतल्या सर्वात गाजलेल्या ट्रू क्राइमपैकी एक अशा रीतीनं मुलांच्या उशाशी जाऊन पोहोचली.

‘भयानक आहे, मुलं घाबरतील’ हा आक्षेप सेंडाकला नवा नव्हता. १९६३ मधल्या त्याच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’वर ब्रूनो बेटलहाइम या नामवंत बालमानसतज्ज्ञानं टीका केली होती. आईनं मुलाला उपाशी झोपायला पाठवणं हे मुलाला सोडून देण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं. टीका करताना त्यानं पुस्तक वाचलेलंच नव्हतं. गंमत म्हणजे याच बेटलहाइमनं १९७६ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा सारांश असा, की परीकथांमधल्या चेटकिणी आणि राक्षस मुलांना हवेच असतात, कारण मनातल्या भीतीला त्यामुळे चेहरा मिळतो. तज्ज्ञांचं मत ऐकावं, पण थोडं थांबून ऐकावं.

ग्रिम बंधूंनीही हीच सोवळेगिरी केली होती. १८१२ च्या त्यांच्या पहिल्या खंडात, मुलं खाटीक-खाटीक खेळतात आणि खेळात खरोखरच जीव जातो, अशी एक गोष्ट होती. तिचं एक रूप १८१० मध्ये बर्लिनच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं. पुढच्या आवृत्तीत, १८१९ मध्ये, गोष्ट गायब झाली. त्याच आवृत्तीत हिमगौरीच्या सख्ख्या आईची सावत्र आई झाली. सख्ख्या आईनं पोरीच्या जिवावर उठावं, हे गिऱ्हाइकांना रुचणारं नव्हतं.

आपल्या आज्या मात्र असं काही करायच्या नाहीत. चिलया बाळाची कथा आठवा. दारात आलेल्या अतिथीला मुलाचं मांस हवं, आणि चांगुणेनं पोटच्या पोराचं मस्तक उखळात कांडायचं, तेही डोळ्यांतून टिपूस न काढता. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तली ही कथा पिढ्यान् पिढ्या नातवंडांना मांडीवर घेऊन सांगितली गेली. शेवटी बाळ हाक मारताच धावत येतं. ते येईपर्यंत आजीचा हात पाठीवरून फिरत असायचा. चिऊ-काऊच्या गोष्टीतही पावसात भिजलेला कावळा दाराबाहेरच असतो, आणि काही घरांत तर शेवटी तो तापलेल्या तव्यावरच बसतो. भोपळ्यातल्या म्हातारीच्या वाटेवर वाघ-कोल्हे आहेतच. हे सगळं ऐकून मुलं शांत झोपत होती.

आजच्या पालकाला या गोष्टी सांगताना धाकधूक होते. कावळ्याला तव्यावर बसवायचं की नाही? मग पालक वाघाला शाकाहारी करतो आणि कावळा शेवटी ‘सॉरी’ म्हणतो. खरं बोला, दात घासा, वाटून खा. एका पुस्तकात तीन उपदेश. अशा पुस्तकात वाचणाऱ्याला मजा येत नसेल, तर नवल काय? पुढचं पान उलटल्यावर काय होणार, ते पहिल्याच पानावर कळलेलं असतं. ज्या आईला रात्री अकरानंतर ‘आरोपी कोण’ या एका प्रश्नापायी झोप येत नाही, तिच्याकडून आपण साडेनऊला असली पुस्तकं वाचून घेतो. वर तिनं रंगून वाचावं, अशी अपेक्षाही ठेवतो.

वाचून दाखवण्याचे फायदे सांगणाऱ्या संशोधनाला तोटा नाही. त्यातलं काही मला ठोस वाटतं, काही जाहिरातीच्या जवळ जातं. रोज पाच पुस्तकं ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर पाच वर्षांचं होईतो चौदा लाख जास्त शब्द पडतात, असा हिशोब २०१९ मध्ये ओहायोच्या संशोधकांनी मांडला. रोज पाच! हा आकडा ऐकून दमलेला बाप पहिलंही पुस्तक उघडणार नाही. त्यापेक्षा जेसिका हॉर्स्ट यांचा ससेक्स विद्यापीठातला २०११ चा प्रयोग कामाचा आहे. तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच त्या गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी नव्या. नवे शब्द दोघांनाही तितक्याच वेळा ऐकू आले. शिकली मात्र ती, ज्यांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. तेव्हा ‘पुन्हा’ म्हणणारं मूल हट्टी आहे, असं समजू नका. भीतीच्याही बाबतीत तेच होत असावं. वाघ येतो हे माहीत आहे, म्हातारी सुटते हेही माहीत आहे, पण ती दर वेळी सुटते का, याची खात्री करून घ्यायची असते. आपणही जोशी-अभ्यंकर कितव्यांदा वाचतो, ते कधी मोजलं आहे का?

मराठीत चांगली चित्रपुस्तकं नाहीत, ही सबब आता चालणार नाही. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रंही काढतात. त्यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत रोजचं घर आहे, रोजची माणसं आहेत आणि शेवटी तात्पर्य नाही. ज्योत्स्ना प्रकाशनानं ही पुस्तकं जपून छापली. पैशांची अडचण असेल, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. उणीव आहे ती भीतीची. आपल्याकडच्या नव्या चित्रपुस्तकांत अंधार फार थोडा असतो, आणि असला तरी पुढच्याच पानावर कुणीतरी दिवा लावतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. म्हणजे काय, मुलांना खुनाचे पॉडकास्ट ऐकवायचे? मुळीच नाही. इअरफोन लावा. सेंडाकचं नुकसान गोष्टीनं केलं नव्हतं, पेपरच्या स्टॉलवरच्या फोटोनं केलं होतं. त्या फोटोला पुढचं पान नव्हतं. आजचं मूलही लिफ्टमध्ये, बसमध्ये, आजोबांच्या टीव्हीवर असेच तुटक तुकडे उचलत असतं. ते आपण थांबवू शकत नाही. त्या तुकड्यांना सुरुवात, मध्य आणि घरी परतणं देणं, एवढं गोष्टीच्या हातात असतं. मानवतला पोहोचलेले तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी आणि खिडकीतून बाहेर पडलेली आयडा हे दोघं एकाच कामावर निघाले होते. हरवलेल्याचा माग काढायचा आणि वाचणाऱ्याला निर्धास्त झोपू द्यायचं.

तेव्हा पुस्तकांच्या दुकानात गेलात, तर मुलांच्या कपाटापुढे उभं राहून एकच कसोटी लावा. पाचवं पान उलटण्याची घाई तुम्हाला स्वतःला होते का? होत नसेल, तर वर ‘संस्कारक्षम’ असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो, ते पुस्तक जागच्या जागी ठेवून द्या.