प्राणवायूचा ताळेबंद

ॲमेझॉनचे जंगल जगाला २० टक्के प्राणवायू पुरवते, असे २०१९ मधील तेथील वणव्यांच्या वेळी जगभर सांगितले गेले. विधान आकर्षक आहे, पण खरे नाही. झाडे प्राणवायू सोडतात हे आपण शाळेत शिकतो; उत्तरार्ध मात्र विसरतो. झाड स्वतः श्वसन करते, त्याची पाने गळून कुजतात, बुरशी आणि कीटक त्यांवर जगतात. या साऱ्यात जवळपास तेवढाच प्राणवायू खर्ची पडतो. वर्षअखेरीस शिल्लक जवळजवळ शून्य!

मग हवेतील २१ टक्के प्राणवायू आला कोठून? मृत अवशेष कुजण्याआधीच गाळाखाली गाडले गेले, तरच शिल्लक उरते. समुद्रतळावरील चिखलात वा दलदलीत हजारातला एखादाच भाग असा निसटतो. त्यातील प्रत्येक किलो कार्बनमागे सुमारे २.७ किलो प्राणवायू हवेत मोकळा राहतो. चंद्रपूर-वणी परिसरातील दगडी कोळसा हा असाच गाडला गेलेला कार्बन. अर्थात कोळसा हा या साठ्याचा अगदी लहान हिस्सा. बहुतांश कार्बन शेलसारख्या गाळाच्या खडकांत विखुरलेला आहे.

खर्चाची बाजूही खडकांतच आहे. भूकवचाच्या हालचालींनी जुना गाळ डोंगर होऊन वर येतो, झिजतो, आणि त्यातील कार्बन व पायराईट हवेतील प्राणवायू शोषून घेतात. हा सगळा हिशेब फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एबेलमेन यांनी १८४५ सालीच मांडला होता. पुढे शतकाहून अधिक काळ तो जवळपास विस्मृतीत गेला, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक नवलच.

जमाखर्च फार बिघडत का नाही? सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीतील अरण्ये मोठ्या प्रमाणावर गाडली गेली, तेव्हा प्राणवायू ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचला असावा, असे गणिती प्रारूपे सांगतात. चतुरासारख्या मेगॅन्यूरा कीटकाच्या पंखांचा विस्तार त्या काळी ६५ सेंटिमीटरहून अधिक होता. पण प्राणवायू वाढला की वणवे वाढतात, जंगल घटते आणि गाडला जाणारा कार्बनही घटतो. उलट प्राणवायू कमी झाला की समुद्रतळाच्या गाळातून फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. त्यावर शेवाळ फोफावते आणि अधिक कार्बन गाडला जातो. ही यंत्रणा लक्षावधी वर्षांच्या संथ गतीने चालते. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून २०१६ मध्ये असे दिसले, की गेल्या आठ लाख वर्षांत प्राणवायूचा साठा अवघा ०.७ टक्क्याने घटला.

कोळसा आणि तेल जाळून आपण डोंगरांच्या झिजेचे काम दोन-तीन शतकांत उरकत आहोत. प्राणवायू त्यामुळे घटतो आहे, आणि ते मोजताही येते. तरी ज्ञात साठे सगळे जाळले, तरी त्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली जाणार नाही. श्वास कोंडण्याची भीती येथे अनाठायी आहे. चिंता आहे ती दुसऱ्या रकान्याची : औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साईडचे सुमारे २८० रेणू होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत.