सागाचा वाडगा आणि विडियाची धार

लेथवर लाकडी वाडगा कातायचा म्हणजे फिरत्या लाकडाला पाते लावून आधी बाहेरची बाजू गोल करायची आणि मग आतला भाग पोखरून काढायचा. हे काम शतकानुशतके पोलादी पटाश्यांनी होत आले. अलीकडे त्यांच्या जोडीला टंगस्टन कार्बाइडची बदलती पाती आली आहेत. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये त्यांना सरसकट ‘विडिया’ म्हणतात. ही पाती कोणत्या लाकडाला मानवतात आणि कुठे कमी पडतात, हे सागाच्या मुलखात चांगले कळते, कारण साग पोलादाची धार लवकर मारतो.

तेलंगणातले वांकिडी हे अशा मुलखातले गाव. आसिफाबादहून राजुरा-चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्राच्या सीमेअलीकडे ते आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, नंतर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य विभागले गेले, तेव्हा आदिलाबादचा राजुरा तालुका मुंबई राज्याकडे आला आणि वांकिडी आंध्रात राहिली. सीमा बदलली तरी जंगल तेच राहिले. साग, बिजा, हळदू, तेंदू, मोह, पळस ही झाडे दोन्हीकडे आहेत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला, तोही याच पट्ट्यातल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून.

साग टिकाऊ, तेलकट आणि कमी आकसणारा असतो. वाळवी त्याला सहसा लागत नाही. मात्र त्याच्या पेशींत सिलिका असते, म्हणजे वाळूतलेच द्रव्य. तिचे प्रमाण वजनाच्या सुमारे एक टक्क्यापर्यंत, कधी त्याहून थोडे जास्तही भरते. साध्या पोलादाची पटाशी हळदूवर किंवा कुड्यावर बराच वेळ चालते. सागावर मात्र तिची कड थोड्याच वेळात गोलसर होते आणि ती कापायचे सोडून घासू लागते. घासल्याने उष्णता वाढते, लाकूड काळवंडते आणि हातावर जोर येतो. सुताराला रंध्याच्या पात्यावर हा अनुभव रोजचा आहे. वाडग्याच्या कामात तो अधिक जाणवतो, कारण लेथवर पात्याखालून मिनिटाला शेकडो मीटर लाकूड सरकत असते.

मराठी घराला लाकडी भांडे नवे नाही. भाकरीचे पीठ मळायची काथवट अनेक घरांत होती. ती पुष्कळदा वाकसाने कोरून काढत. गोल घाटाच्या वस्तू मात्र कातारी लेथवर कातत: पलंगाचे आणि पाळण्याचे खूर, लाटणी, पोळपाट, भोवरे, डब्या. जुन्या लेथमध्ये लाकूड दोन अणकुचीदार खिळ्यांमध्ये धरलेले असे. त्याला दोरीचा वेढा घालून एकजण ती आळीपाळीने दोन्ही बाजूंना ओढी आणि दुसरा जमिनीवर बसून, हत्याराला पायाचाही आधार देत काती. लाकूड एकदा सुलटे आणि एकदा उलटे फिरत असल्याने कापणे फक्त एका फेऱ्यात होई. हा वेळ फुकट जातो असे वाटेल, पण त्या उलट फेऱ्यात कातारी कामावरून नजर फिरवून घेई.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी या कातकामाला लाखेच्या रंगाची जोड दिली. फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. कर्नाटकातले चन्नपट्टण आणि आंध्रातले एटिकोप्पाका याच तंत्रावर उभे आहेत. दोन्ही ठिकाणी मुख्य लाकूड काळ्या कुड्याचे, मऊ आणि बारीक पोताचे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली निर्मलची खेळणी प्रसिद्ध आहेत, पण ती कातलेली नसतात. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडातून ती कोरून, जोडून रंगवतात. म्हणजे या साऱ्या परंपरांनी मऊ लाकूड निवडले. ज्या सागावर वांकिडीच्या आसपासच्या सुतारकामाची भिस्त आहे, तो त्यांच्या लेथवर फारसा आला नाही. यात धारेचा वाटा मोठा असावा.

कार्बाइडचा जन्म लाकडासाठी झालेला नाही. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढून बारीक करायला हिऱ्याच्या भोकाचे साचे लागत आणि ते फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना जर्मनीतल्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधण्याची रीत काढली. तिचे पेटंट १९२३ चे आहे. क्रुप कंपनीने हा पदार्थ पुढे ‘विडिया’ नावाने बाजारात आणला. हे नाव ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून घेतले आहे. आपल्याकडे ते बंगळूरच्या विडिया कारखान्यामुळे रुळले आणि पुण्यात दापोडीला सँडविकचा कारखाना आल्यावर धातुकामातली कार्बाइडची पाती महाराष्ट्रातही बनू लागली.

टंगस्टन कार्बाइड सुमारे २,८०० अंश सेल्सियसला वितळते, म्हणून ते ओतून घडवणे परवडत नाही. त्याची बारीक पूड आणि थोडा कोबाल्ट एकत्र दाबून सुमारे १,४०० अंशांवर भाजतात. कोबाल्ट वितळून कणाकणांना धरून ठेवतो. कठीणपणा कार्बाइडचा आणि चिवटपणा कोबाल्टचा, असा हा मेळ असतो. कोबाल्ट वाढवला तर पाते आघात सहन करते पण लवकर झिजते. कमी केला तर धार टिकते, पण पाते ठिसूळ होते. लाकडासाठी कण फार बारीक लागतात, कारण धार कणाच्या आकाराहून बारीक होऊ शकत नाही. धातू कापायचे स्वस्त पाते लाकडावर लावले तर ते ओरबाडते, याचे एक कारण हेच. दुसरे कारण म्हणजे त्याची कड मुद्दाम थोडी बोथट ठेवलेली असते.

वाडग्याच्या हत्यारात एक चौकोनी पोलादी दांडी, तिच्या टोकाला खाच आणि त्या खाचेत एका स्क्रूने बसवलेले पाते असते. चौकोनी पाते साधारण १४-१५ मिलिमीटरचे. कारखान्यातल्या रंधा यंत्रांच्या सर्पिल कटरवर बसणाऱ्या पात्यांचे ते भावंड. त्याला चार कडा असतात. एक बोथटली की स्क्रू सैल करून पाते पाव फेरा फिरवायचे. गोल पाते वाडग्याच्या आतल्या वळणासाठी आणि टोकदार हिऱ्याच्या आकाराचे पाते खाचा-रेषांसाठी. सागावर काम करणाऱ्याने चौकोनी आणि गोल ही दोन घेतली तरी पुरते.

पोलादी गोल पटाशीची पाठ लाकडावर टेकवून तिचा कोन सतत सांभाळावा लागतो. तो चुकला की पटाशी लाकडात रुतते आणि वाडगा लेथवरून सुटूही शकतो. विडियाची दांडी मात्र आधारपट्टीवर सपाट ठेवायची, पात्याची वरची बाजू वाडग्याच्या मध्यबिंदूच्या उंचीवर आणायची आणि सरळ आत सारायची. कोन शिकण्यात जाणारे महिने वाचतात आणि धार लावायला ग्राइंडरही लागत नाही. नवशिक्यासाठी ही फार मोठी सोय आहे आणि तिला कमी लेखणाऱ्या जुन्या कारागिरांशी सहमत होता येत नाही.

पण सपाट धरलेले पाते तंतू कापण्याऐवजी खरवडते. वाडग्यासाठी लाकूड सहसा फळीच्या अंगाने धरतात, म्हणून तंतू लेथच्या आसाला आडवे असतात. एका फेऱ्यात पात्यासमोर दोनदा तंतूंच्या लांब बाजू येतात आणि दोनदा त्यांची टोके. टोकांना पाठीमागून आधार नसतो, म्हणून खरवडताना ती उपटली जातात. तयार वाडग्यावर समोरासमोर दिसणारे दोन खरखरीत पट्टे याचेच. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत न वापरलेली कड लावणे, अगदी हलका घास घेणे आणि दांडी किंचित कलती करून कड तिरकी चालवणे. काही पात्यांना वरून खळगा दिलेला असतो. ती कलती धरली की पटाशीसारखी कापतात, पण तेव्हा कोन सांभाळण्याचे कसब पुन्हा लागतेच.

ठोकळा निवडताना खोडाचा मधला गाभा टाळावा, कारण भेग तिथूनच सुरू होते. आठ इंचांच्या वाडग्याला तीन इंच जाडीचा, शक्य तितका गोल केलेला ठोकळा पुरे. आधी तो लोखंडी चकतीवर स्क्रूने बसवून बाहेरची बाजू काततात आणि बुडाशी पकडीसाठी लहान कडे ठेवतात. मग उलटा करून ते कडे चार जबड्यांच्या चकमध्ये धरतात आणि आत पोखरतात. वेगाचा ढोबळ हिशेब असा, की इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान राहावा. आठ इंचांसाठी हे ७५० ते ११२५ फेरे झाले. ठोकळा ओबडधोबड असताना याच्याही खाली राहावे. साधी सिंगल फेज मोटर सुमारे १,४४० फेरे देते, म्हणून मोटरच्या पुलीच्या दुप्पट व्यासाची पुली लेथवर बसवली की वेग निम्म्यावर, हव्या त्या टप्प्याच्या खालच्या टोकाजवळ येतो. आत पोखरताना कडेकडून मध्याकडे यावे आणि भिंतीची जाडी हाताने तपासायची तर लेथ थांबवूनच.

ओले लाकूड कातायला सोपे, पण वाळताना ते तंतूंच्या आडव्या दिशांना सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेने होणारे आकसणे गाभ्याकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते, म्हणून गोल वाडगा अंडाकृती होतो. यावर जुना तोडगा असा: पहिल्यांदा भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवायची, वाडगा काही महिने सावलीत वाळवायचा आणि मग पुन्हा लेथवर चढवून अंतिम आकार द्यायचा. वांकिडी-चंद्रपूर भागात उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तंतूंची टोके मेणाने बंद करून ठेवणे आवश्यक ठरते. साग इथेही सोपा, कारण तो मुळात कमी आकसतो.

सागाच्या भुश्याकडे दुर्लक्ष करू नये. त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ येते. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवले. खरवडणाऱ्या पात्याने उडणारा किस पटाशीच्या ढलप्याहून बारीक असतो, म्हणून विडिया वापरणाऱ्याने मास्क टाळू नये. चेहऱ्यावर पूर्ण झाकणी हवी. सैल बाही, उपरणे, ओढणी आणि हातमोजे लेथजवळ नकोत. लेथ चालू करण्याआधी वाडगा हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहावा. पाते फरशीवर पडले तर त्याची कड भिंगातून तपासावी. चिरलेले कार्बाइड पुढच्या आघातात तुटून उडते.

तयार वाडग्यावर विदर्भात सहज मिळणारे कच्चे जवसाचे तेल चांगले बसते. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्यावर हे तेल वाळायला जास्त दिवस लागतात, तेव्हा पातळ थर देऊन वाट पाहावी. बाजारातल्या उकळलेल्या जवस तेलात वाळवणारी धातूंची द्रव्ये असू शकतात. जेवणाच्या भांड्याला ते लावू नये. तेलाने भिजलेली फडकी मात्र कधीही चुरगाळून ठेवू नयेत, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. लाकडी वाडगा फळे, दाणे, पोळ्या, कोरडे खाणे यांसाठी उत्तम. तो पाण्यात भिजत ठेवू नये आणि धुतल्यावर उन्हात टाकू नये.

साग वाहून न्यायला दोन्ही राज्यांत वनखात्याचा परवाना लागतो, म्हणून वाडग्यांसाठी झाड तोडण्याचा विचारही नको. चौकटी-दारे बनवणाऱ्या सुतारांकडे जाड तुकडे रोज उरतात आणि बहुतेक चुलीत जातात. लहान वाटी, मसाल्याची डबी, पाच-सहा इंचांचा वाडगा यांना ते पुरतात. असा तुकडा आधीच वाळलेला असल्याने दुसऱ्यांदा कातण्याचीही गरज राहत नाही. वांकिडी-राजुऱ्याच्या पट्ट्यातल्या सुतारांनी कायदेशीर मालातून उरलेले हे तुकडे जपावेत आणि एका मोटरवर लेथ उभा करून पाहावा. साग, बिजा, चिंच अशा कठीण लाकडांचा ठोकळा गोल करायला आणि आत पोखरायला विडिया घ्यावी. हळदू, कुडा, शिवण यांसाठी, आणि कोणत्याही वाडग्याच्या शेवटच्या फेऱ्यासाठी, नीट धार लावलेली पोलादी पटाशी आजही सरस आहे.